शितावरून भाताची परीक्षा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मी काही बोलावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचवले तेव्हा मी प्रथम संकोचले. माझे बहुतेक आयुष्य रुग्णालयात, भाजलेल्या रोग्यांच्या विभागात गेले. तेथल्या गोष्टी आनंदाच्या प्रसंगी कशाला सांगावयाच्या, असे मनात आले. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर एक प्रसंग घडला आणि विषय आपोआप ठरला. ज्या भगिनीबाबत तो घडला, त्यांच्या परवानगीनेच तो सांगत आहे.

वाण घेऊन सगळ्या निघाल्या, तेव्हा या बाई मागे थांबल्या. त्यांची मुलगी गॅसच्या भडक्यात भाजली होती. जीव वाचला, जखमाही भरल्या. पण गळ्याजवळ आणि दंडावर लाल, जाड, खाजणारे व्रण उमटले. बाईंनी पर्समधून कागदांची एक घडी काढली. नव्या उपचाराची जाहिरात आणि तिच्यासोबत एका इंग्रजी शोधनिबंधाची प्रत. "बाई, हे संशोधनाने सिद्ध झालंय असं लिहिलंय. पाटल्या मोडायचं ठरतंय आमचं. एवढं वाचून सांगाल का?" असे त्यांनी विचारले.

आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि तो निबंध ओळीओळीने वाचला. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, यातले जे पाहावयाचे असते ते कळण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. संसार करणाऱ्या बाईला हिशोबाची जी नजर असते तीच लागते. ती नजर इकडे कशी वळवावी, एवढेच मी आज सांगणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. प्लॅस्टिक सर्जरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातल्या नट्यांची नाके येतात. पण दुभंगलेला ओठ शिवणे, भाजल्याने आखडलेली बोटे मोकळी करणे, कर्करोगाने गेलेला स्तन पुन्हा घडवणे, अपघातात चिरडलेला हात कामाचा करणे, ही सगळी याच शास्त्राची कामे आहेत. त्यामुळे त्यातले संशोधन खरे की फुगवलेले, हा प्रश्न हौसेचा नाही. आपल्या घरातल्या मुलीबाळींचा आहे.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. भाताच्या बाबतीत ते खरे आहे. एका पातेल्यातला तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी तेच, आच तीच. म्हणून एक शीत चेपले की सगळा भात कळतो. पण माणसे एका पातेल्यातली नसतात. एकीचे वय वीस, दुसरीचे साठ. एकीला मधुमेह, दुसरीची कातडी व्रण जाड धरणारी. तेथे एका शितावरून परीक्षा केली तर फसगत होते.

या शास्त्राचा एक जुना आणि फार नामांकित दाखला आपल्या पुण्याकडचाच आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ साली टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याकडच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचा नाकाएवढा साचा केला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने कातडी कापली, दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली आणि कातडी फिरवून खाली बसवली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिल्याचे लिहिले आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली.

ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने आधी प्रेतांवर सराव केला, मग १८१४ पासून दोन रोग्यांवर ही क्रिया केली, आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिले. पुस्तकाचे नाव होते 'गेलेले नाक परत करण्याच्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत'.

या हकिकतीत कृती काय केली, कोणी पाहिली, हे सगळे आहे. म्हणूनच ती वाचून दुसऱ्या देशातल्या माणसाला ती करून पाहता आली. चांगल्या संशोधनाचा हा पहिला गुण. परंतु तिने नेमके काय सिद्ध झाले? एवढेच की अशी क्रिया 'होऊ शकते'. शंभर माणसांचे नाक असे केले तर कितींचे टिकेल, किती जखमा चिघळतील, हे त्या हकिकतीवरून कळत नाही. आणि कार्प्यूच्या पुस्तकाच्या नावातला 'यशस्वी' हा शब्द पाहा. जी यशस्वी होत नाही, तिच्यावर सहसा कोणी पुस्तक लिहीत नाही. 'होऊ शकते' आणि 'किती जणींत होते' यांतले अंतर मोठे आहे, आणि जाहिरात नेहमी पहिले दाखवून दुसरे विकते.

मग 'किती जणींत होते' हे कळावे कसे? त्याला तुलना लागते. सर्दी औषध घेऊन सात दिवसांत बरी होते आणि न घेता आठवड्यात, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. पण त्यातच सगळे शास्त्र आहे. ज्यांना उपचार दिला त्यांच्या शेजारी, उपचार न दिलेल्या तशाच माणसांना उभे केल्याशिवाय गुण कशाचा, हे समजत नाही. आणि कोणाला कोणत्या बाजूस घालावयाचे हे डॉक्टरने निवडावयाचे नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. नाही तर नकळत धडधाकट रोगी एकीकडे आणि नाजूक दुसरीकडे जातात.

अमेरिकेतले एक उदाहरण सांगते. कपाळाच्या सुरकुत्या काढण्याची शस्त्रक्रिया केलेल्या काही रोग्यांनी क्लीव्हलंडचे प्लॅस्टिक सर्जन बहमन गायुरॉन यांना सांगितले की, आमची अर्धशिशीही थांबली. त्यांनी पुढे रीतसर प्रयोग केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचाहत्तर रोगी घेतले. चिठ्ठ्यांप्रमाणे ४९ जणांवर खरी शस्त्रक्रिया केली. उरलेल्या २६ जणांना भूल दिली, कातडीला छेदही घेतला, पण आतल्या स्नायूंना आणि मज्जातंतूंना हात लावला नाही. आपल्यावर कोणती क्रिया झाली हे रोग्यांना ठाऊक नव्हते. आपण अशा प्रयोगात आहोत एवढे मात्र सांगून त्यांची संमती घेतली होती. मग वर्षभर डोकेदुखीची नोंद ठेवली.

वर्षाअखेर काय दिसावे? खऱ्या शस्त्रक्रियेच्या ४९ पैकी ४१ जणांचे दुखणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाले. आणि नुसता छेद घेतलेल्या २६ पैकी १५ जणांचेही तसेच कमी झाले! म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांना काहीही न करता गुण आला. ती माणसे खोटे बोलत नव्हती. आशेने, काळजी घेतल्या जाण्याने आणि दुखणे मुळातच कमीजास्त होण्याने त्यांना खरेच बरे वाटले. दुखणे पूर्ण थांबले असे मात्र खऱ्या शस्त्रक्रियेत २८ जणांचे झाले आणि खोट्या शस्त्रक्रियेत एकाचेच. तुलना होती म्हणून शस्त्रक्रियेचा खरा हिस्सा किती ते दिसले. तुलना नसती तर '४९ पैकी ४१' हाच आकडा सगळीकडे मिरवला असता, आणि आपणही तो खरा मानला असता.

आता माझी एक चूक सांगते. ती सांगण्यास मला अनेक वर्षे लागली. तरुणपणी आम्ही काही जणांनी मिळून, भाजल्याने आखडलेल्या हातांवर एका विशिष्ट तऱ्हेने शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे फळ सांगणारे एक टिपण वैद्यकीय परिषदेत वाचले. टाळ्या मिळाल्या. आकडे खरे होते. पण पुन्हा तपासणीला जे रोगी आले, त्यांचेच ते आकडे होते. जे आले नाहीत त्यांना आम्ही हिशोबातून वगळले होते. ते बरे झाले असतील म्हणूनच आले नसतील, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती.

पुढे एकदा एसटीच्या स्थानकावर एक बाई मला ओळख देऊन भेटली. तिच्या हातावर आमचीच शस्त्रक्रिया झाली होती. बोटे पुन्हा आखडली होती आणि ती डाव्या हाताने पिशवी सांभाळत होती. मी विचारले, "अगं, तू परत का आली नाहीस?" ती म्हणाली, "बाई, येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी. आणि हात तर तसाच झाला होता. कशाला यायचं?" माझ्या टिपणात ती बाई कोठेच नव्हती. ती मला आजही आठवते.

म्हणून दुसरा प्रश्न हा की, सुरुवातीला किती होत्या आणि शेवटी किती मोजल्या? भिशीत बारा जणींची नावे असतील आणि सातच जणींचे पैसे आले असतील, तर हिशोब जुळला असे आपण म्हणत नाही.

ही चूक लहान डॉक्टरच करतात असे नाही. सिलिकोनच्या स्तनरोपणाची गोष्ट पाहा. १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो या शल्यविशारदांनी सिलिकोनच्या पिशव्या प्रथम एका स्त्रीच्या शरीरात बसवल्या. पुढची तीस वर्षे असंख्य स्त्रियांनी त्या बसवून घेतल्या. त्या सुरक्षित आहेत याचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी दिलेला नाही, असे म्हणून तेथल्या सरकारी औषध प्रशासनाने १९९२ मध्ये त्यांचा सर्रास वापर थांबवला. आधी वापर, मग पुरावा, असा हा उलटा क्रम झाला.

तोवर या पिशव्यांमुळे सांधे व त्वचेचे गंभीर विकार होतात, अशी भीती पसरली होती. आजारी पडलेल्या स्त्रियांच्या कहाण्या हृदयद्रावक होत्या. पण येथेही तुलना हवीच होती, कारण ते विकार पिशव्या न बसवलेल्या स्त्रियांनाही होतात. १९९४ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पिशव्या बसवलेल्या ७४९ स्त्रिया आणि न बसवलेल्या १,४९८ स्त्रिया यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्या विकारांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. १९९९ मध्ये तेथल्या एका तज्ज्ञ समितीनेही सगळा पुरावा पाहून तसेच म्हटले. मात्र पिशवी फुटणे, भोवतालची जागा कडक होणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे त्रास खरे आणि वारंवार होणारे आहेत, असेही समितीने बजावले. म्हणजे पुरावा मागणे हे केवळ डॉक्टरांविरुद्धचे हत्यार नाही. तो भीतीलाही तोच प्रश्न विचारतो.

२००६ मध्ये दोन कंपन्यांना पुन्हा विक्रीची परवानगी मिळाली. अट अशी की, प्रत्येकीने सुमारे ४०,००० स्त्रियांवर दहा वर्षे लक्ष ठेवावयाचे. आकडा ऐकून आपण थक्क होतो. पण २०११ मध्ये प्रशासनाने आढावा घेतला तेव्हा एका कंपनीकडे तिसऱ्या वर्षी पाचांतल्या जेमतेम एकीचीच माहिती येत होती. चाळीस हजारांचा आकडा मोठा खरा. पण माझ्या एसटी स्थानकावरच्या बाईसारख्या किती जणी त्यात नाहीशा झाल्या असतील!

आता प्रश्न असा येतो की, एका शिताला काहीच किंमत नाही का? आहे. एका शितावरून भात चांगला म्हणता येत नाही. पण एका घासात खडा लागला तर पान बाजूला सारून तांदूळ पाहावेच लागतात. १९९७ मध्ये रोपणाशेजारी एका दुर्मिळ प्रकारचा लसिका-कर्करोग आढळलेल्या एकाच स्त्रीची नोंद एका पत्राच्या रूपाने छापली गेली. अशा आणखी नोंदी जमत गेल्या आणि २०११ मध्ये अमेरिकी प्रशासनाने संबंध असण्याची शक्यता जाहीर केली. २०१८ मध्ये नेदरलंड्समधल्या संशोधकांनी हिशोब मांडला: स्तनात हा विशिष्ट कर्करोग झालेल्या ४३ स्त्रियांपैकी ३२ जणींना रोपण होते, तर स्तनात इतर प्रकारचे लसिका-कर्करोग झालेल्या १४६ जणींपैकी एकीलाच. इतका स्पष्ट फरक क्वचितच दिसतो. हा धोका मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांत आढळला, आणि २०१९ मध्ये तशी एक जात जगभरच्या बाजारातून परत मागवली गेली.

येथे अजून एक खुबी ध्यानात घ्यावी. याच अभ्यासात धोका चारशे पटींहून अधिक निघाला. ऐकून छाती दडपते. पण त्याच लेखकांनी हेही सांगितले की, सुमारे ६,९०० स्त्रियांनी रोपण केले तर पंचाहत्तरीपर्यंत त्यांतल्या एकीला त्यामुळे हा रोग होईल. दोन्ही आकडे खरे. 'किती पट' हे ऐकले की 'मुळात कितींमध्ये एक' हे लगेच विचारावे. फायद्याच्या आकड्यांनाही हाच नियम लावावा. 'दुप्पट गुण' म्हणजे शंभरात एकीऐवजी दोघींना गुण, असेही असू शकते.

फोटोंविषयी दोन शब्द. 'आधी' आणि 'नंतर' अशी चित्रे पाहून आपण लगेच भुलतो. पण आपल्याच मुलीचा आधार कार्डावरचा फोटो आणि स्थळासाठी पाठवलेला फोटो शेजारी ठेवून पाहा. मध्ये कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नसते. उजेड तोच आहे का, मान तेवढीच वळली आहे का, पावडर-काजळ आहे का, आणि दुसरा फोटो किती महिन्यांनी काढला, हे पाहावे. शिवाय दाखवलेली दोन चित्रे सगळ्या रोग्यांतून कोणी निवडली, हेही विचारावे.

खर्च कोणी केला, हे निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत असते, तेही वाचावे. कंपनीने पैसे दिले म्हणजे निबंध खोटा ठरत नाही, पण भाजीवाल्याने आपल्याच वांग्यांची तारीफ केली तर आपण वांगे उलटून पाहतोच. निकाल हाती आल्यावर सोयीचा तेवढा भाग सांगता येऊ नये, म्हणून प्रयोग सुरू होण्यापूर्वी त्याची जाहीर नोंद करण्याची पद्धत आली. आपल्या देशात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या प्रयोगांसाठी २००९ पासून नोंद सक्तीची झाली. ती कोणालाही पाहता येते. या शास्त्रातल्या एका प्रमुख अमेरिकी मासिकाने २०११ पासून निबंधांवर पुराव्याची पायरीही छापण्यास सुरुवात केली, हे चांगले झाले.

तेव्हा कागद हाती आला तर पाच गोष्टी विचाराव्यात. रोगी किती होते? तुलनेला कोण होते आणि त्यांची निवड कशी झाली? शेवटपर्यंत किती जणींची माहिती मिळाली? किती काळ लक्ष ठेवले? आणि पैसे कोणाचे?

आता पुन्हा आमच्या टेबलाशी येते. बाईंना मी हेच प्रश्न एकेक करून निबंधाला विचारावयास लावले. रोगी थोडे होते. तुलनेला कोणीच नव्हते. आणि लक्ष ठेवले होते तीन महिने. तेथे मी त्यांना थांबवले. भाजल्याचा व्रण पहिले काही महिने लाल आणि जाड होत जातो आणि पुढे वर्ष-दीड वर्षात, कधी दोन वर्षांत, आपोआपही पुष्कळदा फिका आणि मऊ होतो. मग या निबंधातला गुण उपचाराचा की काळाचा, हे कसे ठरवणार? बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे खोटं नाही, पण सिद्धही नाही." मी इतकी वर्षे शिकवले, पण एवढ्या थोडक्यात मला ते कधी सांगता आले नव्हते.

तेच प्रश्न घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर भले होते. दोन वर्षांनी काय होते ते मलाही ठाऊक नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. मुलीची मान आणि कोपर मोकळे आहेत ना, हे त्यांनी तपासून घेतले. हे मुद्दाम सांगते, कारण सांधा आखडत असेल तर थांबून चालत नाही, तेथे लवकर दाखवावे. नुसत्या दिसण्याचा प्रश्न होता, म्हणून मायलेकींनी वर्षभर थांबण्याचे ठरवले. पाटल्या तूर्त कपाटातच आहेत. वर्षाने काय करावयाचे ते त्या दोघी ठरवतील. तो उपचार उद्या खरोखर चांगला ठरला, तर तो घेण्यास मीच त्यांना सांगेन.

डॉक्टरांवर अविश्वास ठेवा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझा जन्म त्यांच्यातच गेला. पण प्रश्न विचारल्याने भला डॉक्टर रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याविषयीही आपल्याला काही तरी कळतेच. आपल्यापैकी कोणाच्या हाती असा कागद आला, तर संकोच न करता माझ्याकडे घेऊन यावे. चहा मी करीन, कागद दोघी मिळून वाचू.